फेरिंगच्या मागं काय असतं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजसमोर जुनी करिझ्मा मोटारसायकल उभी होती. फेरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं प्लास्टिकचं आवरण, उतरवलेलं, मागच्या तिन्ही डिक्क्या आणि त्यांचं जाडजूड कॅरिअर काढलेलं, पुढं दिव्याचा नवा गोल डूम. मालक तरुण होता आणि मनापासून खूश होता. त्यानं गाडीला चक्कर मारून सगळ्या बाजूंनी फोटो काढले, सेल्फ मारला आणि बागल चौकाच्या अंगाला निघून गेला. मिस्त्री हात पुसत ट्रेकडं वळले, तर ट्रेमध्ये जुन्या नटबोल्टांच्या शेजारी एक लोखंडी पुंगळी उरलेली. करंगळीच्या पेराएवढी. एका टोकाला घासून आलेली चकाकी, दुसऱ्या टोकाला गंजाचं कडं. "ही कुठली रं?" मिस्त्रींनी विचारलं. हाताखालचं पोरगं म्हणालं, "असंल त्या कॅरिअरची. गाडी तर गेली की मामा." पुंगळी पत्र्याच्या डब्यात पडली. डब्यात तिच्यासारख्या आणखी बऱ्याच होत्या. पुढची गाडी स्टँडवर चढली.

ती पुंगळी माझ्या मनातून जाईना. चकाकी आलेलं टोक सांगत होतं की तिथं काहीतरी सतत हलत होतं, आणि गंजाचं कडं सांगत होतं की दुसरं टोक वर्षानुवर्षं एका जागी दाबून बसलं होतं. बाहेरचं कॅरिअर बसवताना कंपनीचा आखूड बोल्ट काढून लांब बोल्ट घालतात आणि मधली फट पुंगळीनं भरतात. आता कॅरिअर गेलं, पुंगळी गेली आणि बोल्ट मात्र तोच लांब राहिला, तर त्याचं डोकं टेकायच्या आधीच आटे संपतात. पाना अडतो, हाताला वाटतं आवळलं, आणि आतली वस्तू ढिलीच राहते. ती वस्तू साडीगार्ड असेल तर रस्त्यावर खडखड होईल, कुणीतरी लक्ष देईल. शॉकअप्सरचं वरचं टोक असेल तर आधी आवाजही येणार नाही. रबरी बुश हळूहळू अंडाकृती होईल, वळणावर मागचं चाक पाऊण क्षण उशिरा येतंय असं वाटेल, आणि त्याचा दोष टायरला दिला जाईल.

टूरिंगच्या, म्हणजे लांबच्या प्रवासाला सजवलेल्या, गाडीवरच्या जवळपास प्रत्येक सुट्या भागाला दोन कामं असतात. पाना लावण्याआधी दुसरं काम शोधायचं.

कोल्हापुरात अशा गाड्या भरपूर आहेत. 2003 मध्ये आलेली करिझ्मा, 2009 नंतरची पल्सर 220 आणि करिझ्मा झेडएमआर, 2011 ची होंडा सीबीआर 250. एमएच 09 पाटीच्या या गाड्यांनी त्यांच्या उमेदीच्या काळात गोवा पाहिला, हंपी पाहिली, गगनबावडा उतरून कोकणात किती वेळा गेल्या त्याला गणती नाही. आता त्या दुसऱ्या-तिसऱ्या हातात आहेत. फेरिंगच्या डाव्या पॅनेलला चीर, काच धुरकट, डिकीचं कुलूप बिघडलेलं. करिझ्माचं मूळ पॅनेल शोधायचं म्हणजे जुन्या बाजारात आणि ओळखीत विचारत फिरायचं, आणि मिळालं तर रंग जुळत नाही. मग मनात येतं, सगळंच काढून टाकू. हा विचार वाईट नाही. नीट उतरवलेली गाडी देखणी दिसते, धुवायला सोपी, पंक्चरला चाक काढायला सोपी, आणि महाद्वार रोडच्या गर्दीतून डिकीच्या रुंदीचा हिशोब न करता निघते. पण उतरवणं हे बसवण्याइतकंच, किंबहुना जास्त, विचाराचं काम आहे. बसवताना निदान डब्यात कागद येतो.

एक फरक आधीच ओळखावा लागतो. काही गाड्या मुळात उघड्या जन्मलेल्या असतात आणि फेरिंग त्यांच्या अंगावर नंतर चढतं. काहींचा आराखडाच फेरिंग धरून झालेला असतो. होंडाची गोल्डविंग 1975 मध्ये आली ती उघडीच, 999 सीसीचं इंजिन आणि पुढं साधा गोल दिवा. लांबच्या प्रवासाला जाणारे लोक तिला क्रेग व्हेटर यांच्या विंडजॅमरसारखी फेरिंग बाहेरून लावून घ्यायचे. होंडानं ते पाहिलं आणि 1980 च्या इंटरस्टेट मॉडेलमध्ये फेरिंग आणि डिक्क्या कारखान्यातूनच दिल्या. बीएमडब्ल्यूची 1976 ची आर 100 आरएस त्या उलट, तिचं फेरिंग वाऱ्याच्या बोगद्यात तपासून गाडीचाच भाग म्हणून केलेलं. आपल्याकडं पल्सर 220 पहिल्या घराण्यातली म्हणावी लागेल, कारण तिच्या घरात 180 उघडीच होती आणि कंपनीनं 220 चीही उघडी आवृत्ती काढली होती. अशा गाडीला पुढचा दिवा, ब्रॅकेट, मीटरचा आधार हे सगळं भावंडाच्या सुट्या भागांतून जमतं. झेडएमआर किंवा सीबीआर 250 दुसऱ्या घराण्यातल्या. फेरिंग काढल्यावर आत जे दिसतं ते कुणी बघेल या हिशेबानं बनवलेलंच नसतं. सीबीआरमध्ये कूलंटची बाटली आणि रेडिएटरचे पाइप, दोन्हींत वायरिंगचे गठ्ठे आणि चेशीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेले बोल्टचे नाना कान. त्या गाड्या उतरवायच्या असतील तर खर्चाचा अंदाज दुप्पट धरावा.

कामाला सुरुवात फोटोंनी. चारी बाजूंनी, मग प्रत्येक बोल्टचा जवळून, मग प्रत्येक वायर कुठून कुठं जाते त्याचा. दुसरी गोष्ट, जाड पुठ्ठा. त्यावर फेरिंगचा ढोबळ आकार काढायचा आणि जो बोल्ट ज्या जागेवरून निघेल तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवायचा, त्याचा वायसर आणि पुंगळी त्याच्याच अंगात घालून. लांबी वेगळी असलेले बोल्ट सारखेच दिसतात, आणि 20 मिलिमीटरच्या जागी 30 चा बोल्ट गेला तर तो मागच्या वायरिंगमध्ये किंवा रेडिएटरच्या जाळीत घुसतो. मग सीट काढून बॅटरीची आधी मायनस वायर सोडायची. आधी प्लस सोडायला गेलात आणि पाना चेशीला टेकला तर ठिणगी पडते, कारण चेशी मायनसला जोडलेली असते. मायनस आधी सुटली की ती भीती संपली. जोडताना उलट क्रम.

फेरिंग काढायला बसलं की पहिला हात पॅनेलकडं जातो. तो आरशांकडं जायला हवा. फेरिंगच्या बऱ्याच गाड्यांत आरशाचे बोल्ट आरपार जाऊन फेरिंग आणि त्याला आतून आधार देणारा लोखंडी स्टे एकत्र धरतात. बाकी सगळे स्क्रू निघाले तरी पॅनेल हलत नाही, म्हणून माणूस ओढतो, आणि कुठंतरी कट्ट असा आवाज येतो. क्रम असा ठेवावा: आरसे, वरची काच, मग बाजूची पॅनेल खालून वर, शेवटी दिव्याचा भाग. काचेचे स्क्रू प्लास्टिकचे असतात आणि तुटतात. त्यांनी तुटावंच अशी त्यांची योजना आहे. धक्का बसला तर स्क्रू जातो, काच वाचते. त्या जागी स्टीलचे बोल्ट घालून "आता पक्कं झालं" म्हणणारे लोक काचेला भोकापासून चीर पाडून घेतात. काच जपून ठेवायची असेल तर तिला पेट्रोल किंवा थिनर लावू नये. पॉलिकार्बोनेटवर त्यानं बारीक चिरांचं जाळं उठतं आणि ते परत जात नाही. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे.

आता स्क्रूंविषयी, कारण निम्मी कामं इथंच बिघडतात. जपानी आराखड्याच्या गाड्यांवरचे चौफुलीचे स्क्रू साधे फिलिप्स नसतात, जपानी मापाचे असतात. दिसायला तेच, पण खाच थोडी वेगळी. बाजारातला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच गोल करून टाकतो. बऱ्याचदा अशा स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो दिसला की जपानी मापाचं टोक घ्यावं. नसेल तर टोच्यानं खाचेतली माती काढून, ड्रायव्हरवर हलकी हातोडी मारून, मग दाब सरळ ठेवून फिरवावं. फिरवण्यापेक्षा दाबायला जास्त जोर. गंजलेल्या बोल्टला रस्ट सुटायचं तेल आदल्या रात्री मारून ठेवलं तर सकाळी निम्मे बोल्ट हातानं येतात. पाच मिनिटांत काम व्हावं अशी अपेक्षा त्या तेलाकडून ठेवू नये. उष्णता देणं लोखंडी चेशीवर ठीक आहे, पण शेजारी एबीएस प्लास्टिक आणि वर पेट्रोलची टाकी असताना गॅसची बत्ती हातात घेणं शहाणपणाचं नाही. एम 6, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीचा, बोल्ट आत मोडलाच तर मधोमध पंच मारायचा, 3 मिलिमीटरच्या ड्रिलनं वाट करायची आणि 5 मिलिमीटरपर्यंत न्यायची. 5 च्या पुढं गेलात तर आटे जातात, कारण एम 6 च्या टॅपचं भोक तेवढंच असतं. ड्रिल तिरकं चाललंय असं वाटलं तर थांबून उद्यमनगरातल्या एखाद्या टर्नरकडं जावं. त्याच्या हाताला सरळ रेषा आपल्यापेक्षा चांगली कळते.

सगळ्यात जास्त छळतात ते रबरी नट. रबराच्या टोपीत पितळेचा नट बसवलेला असतो. स्क्रू आवळला की रबर मागच्या बाजूला फुगतं आणि पॅनेल धरून ठेवतं. थरथर आत जाऊ नये म्हणून ही योजना. पण पंधरा वर्षांच्या पावसाळ्यांनंतर पितळ आणि लोखंड एकमेकांना धरतात, रबर कडक होतं, आणि स्क्रू फिरवला की आख्खी टोपी जागच्या जागी फिरत राहते. अशा वेळी एकानं पॅनेल हलकंच बाहेर ताणून धरायचं, म्हणजे रबर कडेला घट्ट टेकतं, आणि दुसऱ्यानं सावकाश फिरवायचं. मागून हात पोचत असेल तर पकडीनं टोपी धरायची. तरी नाही आलं तर रबर ब्लेडनं कापून टाकावं. रबरी नट नवे मिळतात, पॅनेलचा कान नवा मिळत नाही. बसवताना हे नट बोटांच्या जोरावर आवळायचे, फार तर 1 ते 2 न्यूटन मीटर. चेशीवरच्या एम 6 ला साधारण 10 लागतो, तो हात इथं वापरला की रबर फाटतं. प्लास्टिकच्या क्लिपांचं तसंच. बऱ्याच होंडा क्लिपांत मधला ठोकळा आत दाबला की क्लिप सुटते. तो ठोकळा उपसून काढायचा प्रयत्न करणारा माणूस दहातल्या आठ क्लिपा मोडतो.

घाई झाली की पहिला बळी कानाचा जातो.

एबीएस उन्हानं ठिसूळ होतं. पॅनेलच्या आतल्या बाजूला जे खुंटे असतात ते टाकीजवळच्या ग्रोमेटमध्ये, म्हणजे रबरी कड्यात, रुतून बसलेले असतात. ओढायच्या आधी ग्रोमेटवर साबणाचं पाणी सोडावं, थंडीच्या सकाळी तर पॅनेलवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन-चार मिनिटं ठेवावं, मग खुंट्याच्या रेषेत सरळ बाहेर घ्यावं, तिरकं नाही. तुटलाच कान तर फेविक्विक ही तात्पुरती सोय आहे. टिकाऊ काम हवं असेल तर त्याच प्लास्टिकचा भुगा ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची लुबदी भरायची आणि मागून स्टीलची बारीक जाळी बसवायची. एक रात्र सुकू द्यायचं. मात्र पॅनेल आधी तपासावं. मूळचं मोडून फायबरचं बसवलेलं असेल तर ॲसिटोनचा उपयोग नाही, तिथं रेझिन लागतं. पॅनेलच्या आतल्या बाजूला बहुधा प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं.

पॅनेल खाली ठेवलं आणि आत बघितलं की इथल्या गाड्यांची एक वेगळी गोष्ट दिसते. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै. पंचगंगेचं पाणी ज्या गल्ल्यांमधून दिवसच्या दिवस उभं राहिलं तिथल्या गाड्या नंतर धुतल्या गेल्या, इंजिन ऑइल बदललं गेलं, चालू झाल्या, विकल्याही गेल्या. फेरिंग मात्र कुणी काढलं नाही. पॅनेलच्या खोबणीत, स्टेच्या कोपऱ्यात, हेडलाइटच्या मागच्या रबरी टोपीत तो गाळ अजून बसलेला असतो. पिठासारखा बारीक, सुकल्यावर राखाडी, ओला झाला की परत चिकट. वायरींच्या जोडाचा कप्लर उघडला तर पिनांवर हिरवट थर. हेच त्या गाडीच्या "कधी चालू होते, कधी होत नाही" या तक्रारीचं मूळ असतं. त्यामुळं घेताना पूरग्रस्त गाडी ओळखायची असेल तर आरशाखालचा एक बोल्ट सोडून बोट आत घालावं. गाळाशिवाय कुंभारमाशीची मातीची घरं सापडतात, उसाच्या पाल्याचे तुकडे सापडतात. पाण्याचा जोराचा फवारा मारून हे काढू नये. कोरडा ब्रश, मग हवा, मग कप्लरसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि शेवटी पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात. ग्रीस थापलं तर त्यातच धूळ बसते.

इथंच फेरिंगचं दुसरं काम नीट कळतं. ते वायरिंगचं छप्पर होतं. हेडलाइट, पार्किंग, इंडिकेटर, हॉर्न, मीटर यांचे सगळे कप्लर त्याच्या आडोशाला कोरडे होते. फेरिंग गेल्यावर त्यांना दुसरं घर द्यावं लागतं. सात इंची गोल डूम घेण्यात फायदा हा, की मागच्या भोकातून वायरी आत घेऊन कप्लरचा निम्मा गठ्ठा त्यात मावतो. बाकीचा टाकीखाली सरकवायचा. वायर कापून आखूड करायची नाही. गुंडाळून बांधायची, आणि बांधताना हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघायचं. पूर्वी दिवा चेशीला होता, हँडल वळलं तरी तो सरळच राहायचा. आता तो फोर्कवर आला, हँडलबरोबर वळणार. त्यामुळं वायरींना हँडलच्या मानेपाशी सैल वळसा हवा. ताणलेली वायर महिन्याभरात आतल्या आत तुटते, बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. डूमचे क्लॅम्प घेण्याआधी फोर्कचा व्यास व्हर्नियरनं मोजावा, डोळ्यांनी नाही. आणि पुढचा ब्रेक धरून गाडी जोरात दाबून बघावी, मडगार्ड वर येऊन डूमला किंवा हॉर्नला टेकत नाही ना. हॉर्नचं तोंड खाली करावं. वर तोंड करून लावलेला हॉर्न पहिल्या मोठ्या पावसात भरतो.

बल्बचं गणित साधं आहे. 60 वॅटचा बल्ब 12 व्होल्टला 5 अँपिअर ओढतो, 35 वॅटचा जेमतेम 3. मूळ गाडीला 35 वॅटचा दिवा होता आणि नव्या डूमबरोबर 60/55 चा आला तर जुना स्विच आणि जुनी वायर तापणार. एक तर वॅट तेवढेच ठेवावेत, नाहीतर बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज आणि रिले (कमी करंटवर चालणारा स्विच) घालून वायर न्यावी. एलईडी इंडिकेटर लावले की ते दुप्पट वेगानं लुकलुकतात. 10 वॅटचे दोन बल्ब गृहीत धरून त्यांना लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं एक बल्ब उडाला. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बदलला की प्रश्न संपतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत आणखी एक बारीक गोष्ट असते, गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर. काही गाड्यांत तो फेरिंगच्या स्टेवरच बसवलेला असतो. स्टे काढला आणि सेन्सर वायरिंगला तसाच लोंबकळत ठेवला तर गाडीला वाटतं आपण पडलोय. ती चालूच होत नाही, आणि माणूस पंप, प्लग, बॅटरी सगळं बघत बसतो. सेन्सर मूळच्याच दिशेनं, मूळच्याच कोनात, घट्ट बसवावा.

मागचं सामान काढणं सोपं वाटतं, चार बोल्ट आणि झालं. ते चार बोल्ट कुठं गेलेत ते बघा. कॅरिअर बनवणाऱ्यानं चेशीला नवीन भोक पाडायचं टाळलं, हे त्यानं चांगलंच केलं. पण त्यासाठी त्यानं आहेत ते बोल्ट वापरले: शॉकअप्सरच्या वरच्या टोकाचा, मागच्या पकडायच्या दांडीचा, साडीगार्डचा, इंडिकेटरचा. म्हणून गाडी मेन स्टँडवर घ्यावी आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. प्रत्येक लांब बोल्टच्या जागी मूळ मापाचा, मूळ ताकदीचा बोल्ट घालावा. डोक्यावर 8.8 लिहिलेला असतो तो. सिमेंटच्या दुकानातल्या खिळेमोळ्यांच्या डब्यातला मऊ बोल्ट इथं चालत नाही. आणि ट्रेमध्ये पुंगळी उरली तर तिची जागा सापडेपर्यंत गाडी स्टँडवरून उतरवू नये.

कॅरिअर उतरलं की शेपटीकडची चेशी रॉकेलनं स्वच्छ पुसावी आणि जोडांवर टॉर्च मारून बघावं. डिकीचं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागं असतं. हिशोब करून बघा: भरलेली डिकी 10 किलो, ॲक्सलच्या 30 सेंटिमीटर मागं, गाडीचा व्हीलबेस 135 सेंटिमीटर. पुढचं चाक सव्वादोन किलोनं हलकं होतं आणि मागच्या चाकावर 10 ऐवजी सव्वाबारा किलो येतात. उभ्या गाडीवरचे हे आकडे. खड्ड्यात धक्का बसला की ते कितीतरी पटीनं वाढतात आणि सगळा मार सीटखालच्या पातळ नळीच्या वेल्डिंगला बसतो. तिथं केसाएवढी चीर असते, रंगाखाली लपलेली. गंजाची एक बारीक तपकिरी रेष रंगातून डोकावत असेल तर ती चीरच समजावी. याबाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीमुळं डाय पेनेट्रंट, म्हणजे चीर दाखवणारा रंगद्रव, इथं परकी वस्तू नाही. लाल द्रव मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कास्टिंग तपासायची ही पद्धत गाडीच्या शेपटीला तितकीच लागू पडते. रेघ दिसली तर आधी वेल्डिंग, मग रंग. वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, कप्लर सुटा हवा.

आता एका गोष्टीवर माझं ठाम मत आहे. चेशीवरचे कान कापू नयेत. फेरिंग गेल्यावर मानेजवळ दोन-तीन रिकामे कान दिसतात, मागं कॅरिअरचे ठोकळे दिसतात, आणि ग्राइंडर शेजारीच असतो. पाच मिनिटांत सगळं साफ. पण कापलेला कान परत जोडताना चेशीच्या मुख्य नळीला उष्णता द्यावी लागते. मानेजवळची ती जागा गाडीत सर्वांत जास्त ताण झेलते. शिवाय ग्राइंडर नळीला जरा जरी चाटून गेला तरी ती जागा कमजोर होते. रिकाम्या कानावर काळी रबरी टोपी घालावी. त्यावर हॉर्न बसवावा, रिले बसवावा, वायरीचा क्लिप बसवावा. कानाला काम दिलं की तो वाईट दिसत नाही.

वजन गेल्यावर गाडीची बसकण बदलते. टूरिंगवाल्यानं मागचे शॉकअप्सर सामानासाठी कडक खाचेवर ठेवलेले असतात. तसेच राहिले तर रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर उसळते, मागचा भाग वर राहतो आणि दिव्याचा झोत पुढच्या चाकाजवळच पडतो. दोन्ही बाजू सारख्याच खाचांनी खाली आणाव्यात. स्वार बसल्यावर गाडी शॉकअप्सरच्या एकूण चालीच्या पंचवीस ते तीसेक टक्के दबली म्हणजे ठीक. मागच्या टायरची हवा दोघांच्या आणि सामानाच्या हिशेबानं 32 असेल तर एकट्यासाठी मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणावी. साखळीचा ढिलेपणा परत मोजावा. हे सगळं झाल्यावरच दिवा लावावा, आधी नाही. सपाट जागेवर भिंतीपासून 5 मीटर अंतर, स्वार सीटवर, भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीची खूण. लो बीमची वरची कड त्या खुणेपेक्षा साधारण 5 सेंटिमीटर खाली. समोरच्याच्या डोळ्यात जाणारा दिवा ही बेपर्वाई आहे, मग गाडी कितीही सुंदर दिसो.

वाऱ्याचं काय होतं हे शहरात कळत नाही. राजारामपुरी ते रंकाळा फिरवली तर फरक शून्य, उलट गुडघ्यांना लागणारी इंजिनाची धग जाते, बरं वाटतं. हायवेला लागून किणी टोलनाक्याच्या दिशेनं वेग वाढवला की छाती सांगायला लागते. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो, ताशी 50 ला जेवढा त्याच्या चौपट 100 ला, आणि तो रेटा कापायला लागणारी ताकद आठपट. म्हणून उतरवलेली गाडी हायवेला पेट्रोल जास्त पिते आणि वरचा वेग कमी होतो. शेजारून कंटेनर गेला की मात्र ती पूर्वीसारखी आडवी ढकलली जात नाही, कारण फेरिंग आणि डिक्क्यांची शिडं गेलेली असतात. ज्याला महिन्यातून दोनदा पुण्याला जायचंय त्यानं फेरिंग दुरुस्त करून ठेवावं, हे मी स्पष्ट सांगेन. ज्याची धाव पन्हाळा, जोतिबा आणि फार तर राधानगरी, त्यानं खुशाल उतरवावं. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत फेरिंग हवा रेडिएटरकडं वळवतं, हे विसरू नये. ते काढल्यावर पंखा लवकर लागतोय का यावर पहिले काही दिवस लक्ष ठेवावं. ऑइल कूलरपुढं जाळी बसवावी. ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या मागून जाताना पाचटाचे तुकडे त्याच्या पात्यांत अडकून बसतात.

आणि आवाज. फेरिंगची गुणगुण आणि डिक्क्यांची खडखड गेली की इंजिन पहिल्यांदा मोकळं ऐकू येतं. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टिकटिक, टायमिंग चेनची खसखस, साखळीचं स्प्रॉकेटवर बसणं. बरेच जण घाबरतात, गाडी उतरवली आणि इंजिन बिघडलं म्हणतात. तो आवाज आधीपासून होता. थंड इंजिनावर टॅपेटची फट मॅन्युअलप्रमाणं तपासून घ्यावी. फट बरोबर असूनही टिकटिक राहिली तर ती त्या इंजिनाची चाल समजावी. टायमिंग चेनची खसखस मात्र आरपीएम वाढवल्यावर वाढत गेली तर ती चेन ताणून धरणारा टेन्शनर बघावा.

कायद्याचाही भाग आहे आणि तो टाळता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनं कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलंय. म्हणून मूळ भाग जपून ठेवणं आणि सगळं परत बसवता येईल असंच काम करणं यात व्यवहारही आहे. आरसे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, नंबरप्लेटवरचा दिवा हे हवेतच. साडीगार्ड आणि मागच्या माणसाला धरायची दांडी कॅरिअरबरोबर निघाली असेल तर परत बसवावी. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण नियमातच आहे, आणि मागं बसणाऱ्या बाईच्या पदराला नियम माहीत नसतो.

काढलेली पॅनेलं एकमेकांवर रचून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नयेत. उन्हाळ्यात पत्रा तापतो, प्लास्टिक दबून वाकतं, मग भोकं जुळत नाहीत. जुन्या गोधडीत गुंडाळून उभी ठेवावीत किंवा भिंतीला टांगावीत. बोल्ट, पुंगळ्या, ग्रोमेट वेगवेगळ्या पाकिटांत, पाकिटावर जागेचं नाव, आणि तो टोचलेला पुठ्ठा त्याच खोक्यात. शंभरेक किलोमीटर झाल्यावर पान्यांचा संच घेऊन परत बसावं. सर्वांत आधी ढिला होतो तो डूमच्या क्लॅम्पचा बोल्ट, कारण त्याखालचं नवं रबर दबतं. त्यानंतर मीटरच्या ब्रॅकेटचा. शॉकअप्सरच्या वरच्या नटावर रंगाची एक रेघ मारून ठेवली असेल तर तो हलला की नाही हे पाना न लावताही दिसतं.